सुईणीच्या नातीस खोटा कागद

गेल्या महिन्यात कांद्याची पट्टी घेऊन परत येताना आमच्या गावचे एक शेतकरी गृहस्थ वाटेतच शाळेत उतरले. पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेविलेला एक कागद काढून त्यांनी आमच्या टेबलावर मांडला. कागद मोठा देखणा. सोनेरी कड, गोल तांबडा शिक्का, वरच्या अंगास हातात दिवा घेतलेल्या मडमेचे चित्र, खाली तीन सह्या. त्यांतली एकही वाचता येत नाही. मध्यभागी ठळक अक्षरांनी त्यांच्या मुलीचे नाव आणि त्याखाली "नर्सिंग" हा शब्द. "गुरुजी," ते म्हणाले, "कागद तर खरा दिसतो. मग हे नंबर कशाचा मागतात?"

प्रकार असा की, जिल्हा परिषदेकडील आरोग्यसेविकेच्या जागांची जाहिरात निघाली. मुलीने अर्ज भरावयास घेतला. अर्जात एक रकाना होता, परिचर्या परिषदेकडील नोंदणी क्रमांकाचा. तो रकाना रिकामा ठेवला तर अर्ज पुढे सरकत नाही, आणि भरावयास क्रमांक नाही. ज्या संस्थेने कागद दिला तिला विचारले, तर "नोंदणीचे काम वर चालू आहे" असे उत्तर मिळाले. ते काम दोन वर्षे वर चालूच आहे. खाली काही येत नाही. संस्थेचे नाव आम्ही येथे छापीत नाही. एकीचे नाव छापले तर बाकीच्या सुटतात, आणि अशा संस्था पावसाळ्यातल्या छत्र्यांप्रमाणे तालुक्यातालुक्यात उगवल्या आहेत.

आम्ही कागद तीन वेळा वाचला. "मान्यताप्राप्त" असे त्यावर दोन ठिकाणी छापले होते. मान्यता कोणाची ते एकाही ठिकाणी नव्हते. ह्या कागदासाठी ह्या घराने ७०,००० रुपये दिले. त्यातले निम्मे कांद्याचे, निम्मे मुलीच्या आईची पोत सोनाराकडे ठेवून उभे केलेले. मुलगी हल्ली एका खाजगी दवाखान्यात बारा तास उभी राहते आणि महिन्याकाठी ७,००० रुपये घरी आणते. तेथे तिला सर्वजण "सिस्टर" म्हणतात. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात तो हाच.

आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंस सातबारा चांगला समजतो. जमीन बापजाद्यांनी कसली, विहीर आपण खणली, बांधावरचा आंबा आजीने लाविला. पण सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचे असेल तर कचेरीत ती जमीन दुसऱ्याची. कुलकर्ण्याच्या दप्तराने आमच्या किती पिढ्या नागविल्या हे सांगण्याचे हे स्थळ नव्हे. एवढे ध्यानात घ्या की नर्सच्या धंद्याचाही एक सातबारा आहे. मुंबई इलाख्यात नर्सा, सुइणी व आरोग्य-निरीक्षक बाया यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ साली झाला. हिंदुस्थानभरच्या शिक्षणाचा दर्जा एक असावा म्हणून १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा आला. महाराष्ट्राचा आपला नर्सेस कायदा १९६६ चा. महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत ज्या बाईचे नाव व क्रमांक आहे ती नर्स. जिचे नाव नाही ती कितीही हुशार असो, कायद्यापुढे ती नर्स नव्हे. सोनेरी कडेचे शंभर कागद एकावर एक रचले तरी त्यांचा एक नोंदणी क्रमांक होत नाही.

त्या नोंदवहीत शिरण्याचे मूळ दरवाजे तीनच आहेत, आणि ते आमच्या वाचकांनी तोंडपाठ करावेत अशी आमची विनंती आहे. पहिला ए. एन. एम., म्हणजे गावच्या उपकेंद्रावर जी सिस्टरबाई असते तिचा अभ्यासक्रम. बारावीनंतर दोन वर्षांचा, त्यातले शेवटचे सहा महिने प्रत्यक्ष कामाचे, आणि तो मुलींसाठीच आहे. पहिल्या वर्षी सामाजिक आरोग्य, आहार व स्वच्छता, साथीचे रोग व लसी, प्रथमोपचार, बालकांची शुश्रूषा. दुसऱ्या वर्षी बाळंतशास्त्र आणि आरोग्यकेंद्राचा कारभार. दुसरा दरवाजा जी. एन. एम. चा. हा पूर्वी साडेतीन वर्षांचा होता, आता तीन वर्षांचा आहे. बारावीला इंग्रजी विषय आणि एकंदर ४० टक्के गुण पाहिजेत. शरीररचना, सूक्ष्मजंतू, मानसशास्त्र, शस्त्रक्रियेच्या रोग्यांची निगा, मनोरुग्णांची निगा, मुलांचे रोग, शेवटी बाळंतपण व स्त्रीरोग असा त्याचा क्रम आहे. तिसरा दरवाजा बी. एस्सी. नर्सिंगचा, चार वर्षांचा. त्यास बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी लागते आणि प्रवेशास सामाईक परीक्षा द्यावी लागते. ह्या पदवीचा कारभार पाहणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आमच्या नाशकातच आहे. दिंडोरी रस्त्याने जाणाऱ्या एस.टी.तून आमचे लोक त्याची पाटी रोज पाहतात आणि हे काही आपल्याकरिता नव्हे असे समजून पुढे जातात!

आता सहा महिन्यांचे आणि वर्षाचे जे कोर्स गावोगाव फलक लावून विकले जातात त्यांत काही लबाडी नसलेलेही आहेत. रोग्याजवळ बसणे, त्याला उठविणे, धुणे-पुसणे, जेवू घालणे ह्या कामासाठी मदतनीस तयार करण्याचे शिक्षण असते. ते काम हलके नाही आणि ते करणाऱ्यास मान मिळालाच पाहिजे. परंतु मदतनिसाचा कागद नर्सचा कागद म्हणून विकणे म्हणजे खेचर दाखवून घोड्याची किंमत घेणे होय. दलाल फलकावर काय लिहितो पाहा. "नर्सिंग कोर्स. शंभर टक्के नोकरीची हमी." ह्यात एक अक्षर खोटे नाही, आणि सगळेच खोटे आहे. नोकरी मिळतेच, ७,००० ची.

ही नोकरी इतक्या सहज का मिळते? केंद्र सरकारच्या समितीने २०१६ साली, सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून, खाजगी दवाखान्यांतील नर्सांच्या पगाराविषयी शिफारशी केल्या. २०० हून अधिक खाटांच्या दवाखान्यात सरकारी नर्सइतका पगार असावा. खाटा कमी असतील तसा थोडा कमी. आणि ५० खाटांहून लहान दवाखान्यातही २०,००० रुपयांच्या खाली जाऊ नये. शिफारस कागदावर राहिली. नोंदणी असलेली नर्स २०,००० मागणार हे दवाखान्याच्या मालकास ठाऊक आहे. म्हणून त्यास बिनानोंदणीची "सिस्टर" हवी असते. दलाल ती पुरवितो. मुलीच्या बापाकडून ७०,००० घेऊन तो मालकास स्वस्त मजूर देतो. दोन्हीकडून धंदा होतो आणि मध्ये मुलगी भरडली जाते. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते!

आणि नुकसान केवळ मुलीचे नाही. त्या खाटेवर निजलेला रोगी कोण आहे? तो आमचाच म्हातारा बाप, आमचीच बाळंतीण सून. सलाईन कोणी लाविले, औषधाचे मोजमाप कोणी केले, रक्त लागले तेव्हा पिशवीवरचा गट कोणी वाचला, हे आमच्यापैकी कोणी विचारीत नाही. पांढरा पोशाख पाहिला की आम्ही हात जोडतो. गावात गवंडी लाविताना तो ओळंबा धरतो की नाही हे आम्ही दहा वेळा पाहतो.

आता ह्या कामाचा जुना इतिहास थोडा सांगणे भाग आहे, कारण आमच्या लोकांची खरी नड तेथे आहे. सुईणीचे काम ह्या देशात कोणी केले? गावोगाव महार-मांगांच्या, न्हाव्यांच्या आणि तशाच कष्टकरी घरांतल्या बायांनी केले. पाटलाच्या वाड्यात आणि जोशीबुवांच्या ओसरीमागल्या अंधाऱ्या खोलीत तीच बाई. नाळ तिने कापावी, वार तिने पुरावी, विटाळाच्या चिंध्या तिने धुवाव्यात, आणि दहा दिवस झाले की त्याच घरात तिच्या सावलीस बंदी! पोर जगात आणण्यास तिचा हात चालतो; त्या पोराच्या बारशास तिने अंगणात बसावे. मोबदला काय, तर पायलीभर दाणे, एखादे जुनेर, खणनारळ. ब्राह्मणी धर्माने ह्या कामास विटाळ ठरविले, आणि विटाळ ठरविले म्हणूनच ते आमच्या वाट्यास आले.

सुईणीची आम्ही आरती ओवाळीत नाही. विळ्याने किंवा मिळेल त्या पात्याने नाळ कापल्यामुळे, तिच्यावर राख-शेण लाविल्यामुळे किती तान्ही धनुर्वाताने गेली त्यास गणती नाही. आमच्या वाडवडिलांच्या घरांत आठ बाळंतपणे आणि तीन मुले असे हिशेब घराघरात ऐकू येतात. तो हिशेब कोणी पालटला? गरोदर बाईला शोधून धनुर्वाताची सुई देणाऱ्या, स्वच्छ पात्याने नाळ कापणाऱ्या, उन्हातान्हात वाड्या-पाड्यांवर फिरणाऱ्या ए. एन. एम. बायांनी. तान्ह्या मुलांचा व बाळंतिणींचा धनुर्वात हिंदुस्थानातून हटला असे २०१५ साली जाहीर झाले. त्या दिवशी आमच्या एकाही गावात ढोल वाजला नाही. म्हणजे विद्या नको असे आमचे म्हणणे नाही, विद्या पाहिजेच. आमचे म्हणणे एवढेच की, काम विटाळाचे होते तोवर ते बिनमोल आमच्या गळ्यात बांधले, आणि त्याच कामास विद्या, नोंदवही व पगार लागताच दारावर पैशाचा पहारा बसला.

ह्याच महाराष्ट्रात जोतीराव व सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यास बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या ब्राह्मण विधवांची बाळंतपणे माळ्याच्या घरातल्या त्या माउलीने काढली. त्यांतल्याच एका मुलास त्यांनी दत्तक घेतले, तो यशवंत. त्यास त्यांनी पूजापाठ शिकविला नाही, डॉक्टर केले. १८९७ च्या प्लेगात त्या यशवंतरावांच्या दवाखान्यात सावित्रीबाईंनी रोगी वाहून आणले. मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी मूल पाठीशी बांधून आणताना त्यांस तोच रोग जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्याआधीच, १८९१ साली, मुंबईस शिकावयास आलेल्या काशीबाई गणपत यांना पहिली हिंदी नर्स मानतात. पुढे पुण्याच्या सेवासदनाने ससून इस्पितळात नर्सचे शिक्षण घेण्यास बाया पाठविल्या तेव्हा पांढरपेशा समाजाने नाके मुरडली. परक्या पुरुषाच्या अंगास हात लावणार, वाटेल त्या जातीचे मलमूत्र काढणार, म्हणून त्या बायांची टवाळी झाली. रमाबाई रानडे यांनी ती सोसली. त्यांचे धैर्य आम्ही कमी लेखीत नाही. परंतु ज्या कामास त्यांना धैर्य लागले ते काम आमच्या आज्या धैर्य हा शब्दही न ऐकता करीत होत्या.

आणि आज आमच्या घरांत काय चालले आहे? तेच नाक मुरडणे! जो विटाळ भटाने आमच्या माथी मारिला तो आता आम्ही देव्हाऱ्यात बसविला आहे. मुलगी बारावीला चांगल्या गुणांनी पास होते. आम्ही शाळामास्तर तिच्या घरी जाऊन नर्सचे शिक्षण सुचवितो. आजोबा म्हणतात, "लोकांची घाण काढायला का पोरगी वाढवली?" चुलते म्हणतात, "रातपाळी असते म्हणे. लग्नाला कोण उभं राहील?" सोयरीक मोडेल म्हणून शिक्षण मोडतात, आणि दोन वर्षांनी तीच मुलगी सासरी गुरांचे शेण काढते तेव्हा त्यास कोणी घाण म्हणत नाही! करोनाच्या साथीत २२ मार्च १९२० नव्हे, २०२० रोजी (शंभर वर्षांपूर्वीचीच अंधश्रद्धा वाटावी म्हणून आमची लेखणी घसरली) सर्व देशाने ताटे बडविली. नर्स म्हणजे देवी, असे आमच्या गावानेही म्हटले. साथ ओसरताच करारावर घेतलेल्या नर्सांना घरी धाडले. तेव्हा एकही ताट वाजले नाही. देवी म्हणावयाचे आणि पगाराची वेळ आली की पाठ फिरवावयाची, ही रीत ह्या देशास नवी नाही.

एक गोष्ट लिहिताना हात जड होतो, पण लिहिलीच पाहिजे. हे कागदाचे दुकानदार कोण आहेत? पूर्वी आम्ही भटजी-शेटजींकडे बोट दाखवीत होतो आणि ते बरोबर होते. आज तालुक्यात ज्याने दोन गाळे भाड्याने घेऊन "नर्सिंग इन्स्टिट्यूट"ची पाटी लाविली, तो पुष्कळदा आमच्याच जातीचा, आमच्याच भाऊबंदांपैकी असतो. भिंतीवर महात्मा फुल्यांची तसबीर लावितो, ११ एप्रिलला तिला हार घालितो आणि १२ एप्रिलला शेतकऱ्याची पोत गहाण पाडितो. ज्या नाशकात १९१४ साली शेतकऱ्यांच्या मुलांकरिता उदाजी मराठा बोर्डिंग निघाले, वर्गणी म्हणून गावोगावच्या शेतकऱ्यांनी धान्य आणि पैसा दिला, तेथे बहुजनांच्या शिक्षणाचे नाव घेऊन बहुजनांस लुटणे चालावे, ह्यास काय म्हणावे? दक्षिणा घेणारा बदलला; दक्षिणा देणारा मात्र तोच राहिला.

हे सर्व आम्ही एकदा डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणून अधिक चीड येते. आम्ही डी. एड. झालो तेव्हा अध्यापक विद्यालये थोडी होती. नंतर पुढाऱ्यांना त्यात पैसा दिसला आणि दर दहा कोसांवर एक विद्यालय उभे राहिले. शेतकऱ्यांनी एकरे विकून पोरे मास्तर केली. २०१२ नंतर शिक्षकभरती जवळजवळ थांबली. विद्यालये ओस पडली, फाटकांस कुलपे लागली. आमच्याहून हुशार मुले पदविका पेटीत ठेवून द्राक्षाच्या बागेत डिपिंगला जातात. आम्ही त्यांच्याकडे पाहून मान खाली घालितो. त्याच लोकांनी आता पाटी पुसून त्यावर नर्सिंग लिहिले आहे. निदान डी. एड. चा कागद खरा होता. हा तर कागदही खोटा.

मग खऱ्या दाराशी अडचण नाही काय? आहे, आणि मोठी आहे. सरकारी शाळांतील जागा थोड्या. खाजगीत फी भारी. दुसरी अडचण इंग्रजीची. वरच्या दोन्ही अभ्यासक्रमांची पुस्तके इंग्रजी. आमची मुलगी मराठी शाळेत शिकलेली. पहिल्या महिन्यात "प्लॅसेंटा" आणि "अंबिलिकल कॉर्ड" हे शब्द फळ्यावर पाहून ती घाबरते आणि आपल्याला हे जमणार नाही म्हणून रडते. तिला कोणी सांगत नाही की प्लॅसेंटा म्हणजे वार आणि अंबिलिकल कॉर्ड म्हणजे नाळ. तिच्या पणजीने ह्या दोन्ही वस्तू हजार वेळा हाताळल्या! पूर्वी विद्या संस्कृतात कोंडली होती, आता इंग्रजीत कोंडली आहे. आमचे म्हणणे असे नाही की इंग्रजी नको. इंग्रजी शिकावीच, औषधाची चिठ्ठी इंग्रजीत असते आणि परमुलखात नोकरी मिळते ती इंग्रजीवर. परंतु ज्या सरकारास सर्व राज्यकारभार मराठीत चालवावयाचा आहे त्याने पहिल्या वर्षापुरती तरी मराठी अर्थासह पुस्तके ह्या मुलींच्या हाती द्यावीत. हे काम अवघड नाही. नाशकात २०२७ च्या सिंहस्थासाठी हजारो कोटींचे आराखडे निघतात. साधूंच्या आंघोळीकरिता घाट बांधण्यास पैसा मिळतो, तर पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांतल्या मुलींकरिता ए. एन. एम. च्या चार वर्गांस का मिळू नये? डोंगराळ भागात दर ३,००० वस्तीस एक उपकेंद्र असावे असा सरकारचाच नियम आहे. तेथल्या पाड्याची बोली समजणारी बाई तेथलीच असेल तर बाळंतीण तिला दार उघडील. शहरातून बदलीवर आलेली बाई परत बदलीच्या खटपटीत असते. तिलाही आम्ही दोष देत नाही, तिच्या राहण्याच्या खोलीचे छप्पर गळत असते.

फीविषयी आमचे लोक विनाकारण घाबरतात तेही सांगतो. अनुसूचित जातींच्या मुलींस भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे. आर्थिक दुर्बलांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती आहे. शिवाय २०२४ साली राज्य सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या इतर मागास, मराठा व आर्थिक दुर्बल घरांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी व परीक्षा फी माफ केली. पण मेख येथे आहे. ही माफी सरकारच्या मध्यवर्ती प्रवेशफेरीतून जागा मिळविणाऱ्या मुलीस आहे. दलालाने "मॅनेजमेंटची सीट" म्हणून विकलेल्या जागेस नाही. दलाल हे सांगत नाही. म्हणून दलालास पैसे देण्यापूर्वी आपल्या मुलीचा अभ्यासक्रम माफीच्या यादीत आहे काय, हे कागदावर पाहून घ्यावे, आणि प्रवेशफेरीचा अर्ज वेळेवर भरावा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर ही कागदपत्रे बारावीच्या परीक्षेआधी काढून ठेवावीत. तलाठी आज नाही, सेतूत गर्दी आहे, असे म्हणता म्हणता फेरी निघून जाते आणि मग दलालच देव होतो.

संस्था पारखावयाची कशी, असे ते गृहस्थ आम्हास विचारीत होते. आम्ही त्यांस म्हटले, बैल घेताना काय करता? दात पाहता, चालवून पाहता, जुन्या मालकास विचारता. तसेच करा. पहिला प्रश्न, तुमचे इस्पितळ कोठे? जी. एन. एम. ची शाळा चालविणाऱ्यास शंभर खाटांचे इस्पितळ लागते, आणि एका विद्यार्थिनीमागे तीन रोगी असे प्रमाण धरलेले आहे. दोन गाळ्यांच्या खोलीत प्लास्टिकचा बाहुला निजवून नर्स तयार होत नाही. बाळंतपणे स्वतःच्या हातांनी करून वहीत नोंदवावी लागतात. दुसरा प्रश्न, परीक्षा कोण घेते? ए. एन. एम. व जी. एन. एम. ची परीक्षा राज्याचे शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते, बी. एस्सी. ची विद्यापीठ घेते. "परीक्षा आम्हीच घेतो" असे उत्तर आले की चपला घालाव्या. तिसरा, तुमच्या मागल्या वर्षीच्या चार मुलींचे महाराष्ट्र परिचर्या परिषदेचे नोंदणी क्रमांक दाखवा. हा प्रश्न ऐकून जो चहा मागवितो तो लबाड समजावा. आणि एकदा नोंदणी झाली की ती दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, हेही मुलींनी विसरू नये. लग्न होऊन घरी बसलेल्या कितीतरी मुलींची नोंदणी अशी मरून गेली आहे.

आमच्या पंचायतींनी आणि सोसायट्यांनीही थोडे हलावे. जत्रेला तमाशाची सुपारी द्यावयास वर्गणी जमते. तीत एका मुलीच्या वसतिगृहाचा वर्षाचा खर्च निघतो. तमाशाचे आम्ही वैरी नाही, पण एखाद्या वर्षी एक रात्र कमी नाचली तरी देव कोपणार नाही.

ते शेतकरी गृहस्थ सर्व ऐकून बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "माझी आजी सुईण होती, गुरुजी. पाच गावांत जायची. आम्ही ते कुणाला सांगत नाही." आम्ही त्यांस सांगितले की ते सांगत जा. त्यांनी कागद पुन्हा पाकिटात घातला, फाडला नाही. पोलिसांत तक्रार देताना तो लागेल असे आम्ही बजावले होते, आणि ती तक्रार त्यांनी दिली आहे. मुलगी आता दवाखान्याची पाळी संपवून संध्याकाळी शाळेत येते. आमच्या शाळेतल्या बाई तिला इंग्रजी शिकवितात, आम्ही दाखल्यांची जुळवाजुळव पाहतो. येत्या प्रवेशफेरीत तिचा अर्ज जाईल. पोत अद्याप सोनाराकडेच आहे.